पायकॉनच्या मंचावर नवख्यांना जागा हवी, आणि मराठीलाही

नोव्हेंबर 1994 मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात, गेथर्सबर्गच्या राष्ट्रीय मानक संस्थेत, पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा वापरणाऱ्यांची पहिली कार्यशाळा भरली. हजर होते जेमतेम वीसएक लोक. पायथनचे जनक गीडो व्हॅन रॉसम त्यांतलेच एक. 2003 साली वॉशिंग्टनमध्ये पायकॉन या नावाची पहिली परिषद झाली. 2009 मध्ये बंगळुरूच्या आयआयएससीत, म्हणजे भारतीय विज्ञान संस्थेत, पहिली पायकॉन इंडिया झाली आणि 2011 मध्ये तीच परिषद पुण्यात आली. आज अमेरिकेतल्या पायकॉनला हजारोंनी लोक येतात, आणि भारतातली परिषदही कॉलेजच्या एका सभागृहात मावेल अशी राहिलेली नाही.

वीस माणसांच्या खोलीत बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण हे ठरवावं लागत नाही. मोठ्या मेळाव्यात ते ठरवावंच लागतं. टॉकसाठी, म्हणजे मंचावरच्या भाषणांसाठी, प्रस्ताव मागवले जातात, शेकड्यांनी येतात, परीक्षक ते वाचतात आणि शेवटी थोडी नावं वेळापत्रकात छापली जातात. उरलेले सगळे श्रोते. ही निवड कशाच्या आधारावर व्हावी, हा या समूहांपुढचा फार मोठा प्रश्न आहे असं मी मानतो. आपल्याकडे त्यावर फारसं कुणी बोलत नाही. परिषद संपल्यावर जेवण, वायफाय आणि टी-शर्ट यांवर भरपूर चर्चा होते; कुणाला बोलायला मिळालं आणि कुणाला नाही, यावर होत नाही.

माझं म्हणणं असं आहे. परिषदेतल्या टॉकचा सगळ्यात मोठा फायदा बोलणाऱ्याला होतो, आणि त्याच्यामार्फत तो समूहापर्यंत पोचतो. म्हणून मंचावरची बरीचशी जागा पहिल्यांदाच बोलणाऱ्यांसाठी राखली पाहिजे. आणि हे मेळावे महाराष्ट्रात भरत असतील, तर त्यांतले काही टॉक मराठीतून झाले पाहिजेत.

ऐकणाऱ्याला टॉकमधून काय मिळतं ते आधी पाहू. माहिती मिळते हे खरं. पण ती आता दुसरीकडेही मिळते. पायकॉनचे व्हिडिओ गेली अनेक वर्षं फुकट बघता येतात, लायब्ररीचं, म्हणजे तयार कोडच्या संचाचं, डॉक्युमेंटेशन उघडं असतं, आणि एखादं फीचर कसं वापरायचं एवढंच हवं असेल तर कुणी रात्रभर एसटीत बसून पुण्याला येणार नाही. लोक येतात ते माणसं भेटावीत म्हणून, आणि आपल्यासारखाच कुणीतरी मंचावर उभा राहून बोलतोय हे बघायला मिळतं म्हणून.

बोलणाऱ्याचं मात्र सगळंच बदलतं. एक साधं उदाहरण देतो. फंक्शनला, म्हणजे कोडच्या नाव दिलेल्या तुकड्याला, डिफॉल्ट म्हणून रिकामी लिस्ट देऊ नये, हा नियम पायथन लिहिणाऱ्या बहुतेकांना तोंडपाठ असतो. का देऊ नये, हे शंभर लोकांपुढे सांगायची वेळ आली की शोधाशोध सुरू होते. मग कळतं की ती लिस्ट फंक्शन डिफाइन होताना एकदाच तयार होते. ती त्या फंक्शनच्या ऑब्जेक्टला चिकटून राहते, आणि पहिल्या कॉलमध्ये तिच्यात टाकलेला घटक दुसऱ्या कॉलला आधीच तिथे बसलेला सापडतो. त्याच्या पुढचा प्रश्न श्रोत्यांतून येणारच: भाषेच्या कर्त्यांनी असं का ठेवलं? तो येणार हे माहीत असल्यामुळे बोलणारा आदल्या आठवड्यात जुन्या चर्चा वाचतो, सोर्स कोड उघडतो. वापरणारा माणूस भाषेच्या आत शिरतो तो असा. आत शिरलेल्यांपैकीच कुणी पुढे बग नोंदवतो, कुणी डॉक्युमेंटेशनमधली चूक दुरुस्त करून पाठवतो, कुणी गावात मीटअप, म्हणजे छोट्या बैठका, चालवतो.

पायथनच्या इतिहासातला गाजलेला विषय जीआयएलचा, म्हणजे ग्लोबल इंटरप्रिटर लॉकचा. एका वेळी एकाच थ्रेडला, म्हणजे प्रोग्रॅममधल्या कामाच्या एकाच धाग्याला, पायथनचा कोड चालवू देणारं ते कुलूप आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. जून 2009 मध्ये डेव्हिड बीझली यांनी मोजमाप करून दाखवलं की आकडेमोडीचं काम दोन थ्रेडमध्ये वाटलं, तर मल्टिकोर मशिनवर ते एकापाठोपाठ एक करण्यापेक्षाही जास्त वेळ खातं. ऐकणारे थक्क झाले. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात पायथनचे एक विकासक अँत्वान पित्रू यांनी जीआयएलची नवी रचना लिहिली. फेब्रुवारी 2010 मध्ये अटलांटाच्या पायकॉनमध्ये बीझलींनी जुनी आणि नवी दोन्ही रचना उकलून दाखवल्या, आणि 2011 मध्ये पायथन 3.2 बरोबर नवी रचना सर्वांच्या हाती आली. बीझली नवखे नव्हते. पुस्तकं लिहिलेले, नावाजलेले माणूस होते. तरी जून 2009 चा तो पहिला टॉक त्यांनी कुठे दिला, हे ध्यानात घ्या. शिकागोच्या स्थानिक पायथन गटात, संध्याकाळच्या एका बैठकीत. मोठ्या मंचावर जे पोचतं ते आधी कुठल्यातरी लहान खोलीत बोललं गेलेलं असतं, आणि ती लहान खोली नसेल तर मोठ्या मंचालाही पुढे माणसं मिळत नाहीत.

नवखे वक्ते मिळतच नाहीत, असं आयोजक नेहमी सांगतात. त्याला अमेरिकेतल्या पायकॉननेच उत्तर दिलेलं आहे. 2011 साली तिथल्या वक्त्यांत स्त्रिया होत्या फक्त 1 टक्का. 2012 मध्ये 7 टक्के, 2013 मध्ये 15 टक्के, आणि 2016 मध्ये 40 टक्के. त्या वेळी परिषदेच्या वैविध्य विभागाचं काम पाहणाऱ्या जेसिका मॅकेलर यांनी हे आकडे जाहीर केले होते. पाच वर्षांत पायथन येणाऱ्या स्त्रिया चाळीसपट झाल्या नव्हत्या. त्या आधीही होत्या. प्रस्ताव पाठवत नव्हत्या. मग एकेकीला गाठून 'तुम्ही प्रस्ताव पाठवा' असं सांगितलं गेलं, पहिला मसुदा लिहायला मदत केली गेली, आणि चित्र बदललं. तिथल्या परीक्षणाची पहिली फेरी नाव झाकून होते, त्याचाही हातभार लागला असणार. पण खरा फरक पडला तो विचारण्यामुळे, असं मला ठामपणे वाटतं. 'प्रस्ताव मागवत आहोत' अशी घोषणा करून स्वस्थ बसलं, तर ज्यांना स्वतःविषयी आधीच खात्री आहे तेच पुढे येतात. ज्याने कधी मंचावरून बोललेलं नाही त्याला ती घोषणा आपल्यासाठी आहे असं वाटतच नाही.

लाइटनिंग टॉकची प्रथाही याच जाणिवेतून आलेली. पायथनवाल्यांनी 1997 मध्ये असे छोटे टॉक करून पाहिले होते. त्यांना नाव मिळालं ते 2000 साली पिट्सबर्गला, पर्ल या दुसऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेवाल्यांच्या स्वस्तातल्या यापसी परिषदेत, मार्क जेसन डॉमिनस यांच्यामुळे. पाच मिनिटं, घंटा वाजली की खाली उतरायचं. पाच मिनिटांसाठी फार मोठी तयारी लागत नाही, फसलं तरी कुणाचं काही जात नाही, आणि पुढच्या वर्षी अर्ध्या तासाचा प्रस्ताव पाठवायचं धाडस होतं. आपल्याकडच्या परिषदांनी ही प्रथा उचलली, पण ती दिवसाच्या अगदी शेवटी ठेवली. तोवर बाहेरगावचे निम्मे लोक गाडी पकडायला निघालेले असतात. तीच सकाळी, कीनोट म्हणजे मुख्य भाषण संपल्याबरोबर, भरलेल्या सभागृहात ठेवायला काय हरकत आहे?

पुण्याला ही कल्पना नवी वाटायचं कारण नाही. 1963 पासून इथे पुरुषोत्तम करंडक होतो. भरत नाट्य मंदिरात कॉलेजची पोरं दरवर्षी नव्याने उभी राहतात, अडखळतात, काही एकांकिका पार फसतात. तरी प्रेक्षक येतात, परीक्षक मन लावून बघतात, आणि मराठी रंगभूमीला दर पिढीत नट, लेखक, दिग्दर्शक मिळत राहतात. तिथे दरवर्षी नामवंत नटांनाच बोलावलं असतं तर प्रयोग सफाईदार झाले असते, आणि पुढचे नट कुठून आले असते हा प्रश्न राहिला असता.

प्रोग्रॅमिंगच्या परिषदांत मात्र आपण नामवंतांचीच वाट धरली आहे. कीनोटला परदेशातून कुणी आला की तिकिटं खपतात, हे मला समजतं. 2011 च्या पुण्यातल्या पायकॉनमध्ये रेमंड हेटिंजर यांचा कीनोट झाला. पायथनच्या गाभ्यावर काम करणाऱ्या माणसाला समोर ऐकायला मिळणं ही मोठी गोष्ट होती, आणि असे पाहुणे जरूर यावेत. माझी तक्रार कीनोटखालच्या वेळापत्रकाबद्दल आहे. तिथेही पुन्हापुन्हा तीच नावं दिसतात, कारण परीक्षकांना ती ओळखीची असतात आणि त्यांचा टॉक पडणार नाही याची हमी वाटते. पायकॉन इंडियात अनेक वर्षं सगळे प्रस्ताव उघड्यावर, कुणालाही वाचता येतील आणि मत देता येईल असे ठेवले जात. पारदर्शकतेसाठी ही पद्धत उत्तम होती. पण मतं गोळा करण्यात मोठ्या कंपनीतला माणूस नेहमी पुढे राहणार; त्याचे ऑफिसातलेच दोनशे सहकारी असतात. नांदेडच्या कॉलेजातल्या मुलीला मत द्यायला तिच्या वर्गातल्या चार मैत्रिणी असतात.

प्रायोजकांबद्दल एकच सांगतो. त्यांच्या पैशाशिवाय सभागृहाचं भाडं निघत नाही. त्यांनी स्टॉल लावावा, आपल्या नावाचं वेगळं सत्र घ्यावं, त्यावर तसं स्पष्ट लिहावं. पण निवड झालेल्या टॉकच्या नावाखाली अर्धा तास आपल्या क्लाउड सेवेची ओळख करून देणं ही श्रोत्यांची फसवणूक आहे, आणि ज्याचा प्रस्ताव त्या जागेसाठी नाकारला गेला त्याच्यावर अन्याय आहे.

निवड कशी होते हे झाकून ठेवलं की काय होतं, ते रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या समूहाने 2023 मध्ये अनुभवलं. रस्टकॉन्फ या त्यांच्या परिषदेसाठी जॉनहेड मेनीड या प्रोग्रॅमरना कीनोटचं निमंत्रण गेलं होतं. विषय होता कंपाइल-टाइम रिफ्लेक्शन. नंतर त्यांना कळवण्यात आलं की आता कीनोट नाही, साधा टॉक द्या. हा निर्णय कुणी, कोणत्या बैठकीत, कशासाठी घेतला हे कुणालाच नीट सांगता येईना. मेनीड यांनी टॉक मागे घेतला, समूहात मोठं वादळ उठलं, आणि रस्ट प्रकल्पाला जाहीर माफी मागावी लागली. एका टॉकवरून एवढं होतं, कारण तो टॉक कुणाला देतो यावरून 'आम्ही तुमच्या कामाला काय किंमत देतो' हे सगळ्यांना दिसतं. नकार मिळालेल्या नवख्याला तर ते आणखी बोचतं, कारण त्याला बहुतेक वेळा एका ओळीचं ठरावीक उत्तर येतं. नकाराबरोबर दोन वाक्यं कारण लिहून पाठवायला परीक्षकाची पाच मिनिटं जातात. ती द्यायलाच हवीत. प्रस्तावात नेमकं काय कमी पडलं हे कळलं, तर तो माणूस पुढच्या वर्षी परत येतो. नाहीतर बहुधा येत नाही.

आता भाषेकडे येतो, कारण महाराष्ट्रात नवख्याचं घोडं सगळ्यात जास्त इथेच अडतं.

पुण्यात झालेल्या एका मेळाव्यात जेवणाच्या रांगेत माझ्यापुढे इचलकरंजीकडचा एक मुलगा होता. गावातल्या पतसंस्थेच्या सभासदांची यादी त्याने पायथनमध्ये लावली होती, आणि यादी चुकीच्या क्रमाने येतेय अशी तक्रार संस्थेच्या जुन्या कारकुनाने केली होती. ज्ञानेश्वर, ज्ञानदेव ही नावं ज च्या घोळक्यात येत होती आणि क्षीरसागर क मध्ये. लहानपणापासून पाठ केलेल्या वर्णमालेत क्ष आणि ज्ञ अगदी शेवटी, ह आणि ळ च्या नंतर. कॉम्प्युटरला ते ठाऊक नाही. त्याच्या लेखी ज्ञ म्हणजे ज, हलन्त आणि ञ असे तीन तुकडे, म्हणून तो ज मध्ये. ळ देखील त्याच्या क्रमात ल च्या शेजारी, व च्या आधी येतो. मुलाने पुढे शोधून काढलं होतं की जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना कॉम्प्युटरसाठी क्रमांक देणाऱ्या युनिकोडवाल्यांच्या सीएलडीआर या माहितीसाठ्यात मराठीचा वेगळा क्रम नोंदलेला आहे, आणि पायथनची पायआयसीयू ही लायब्ररी वापरली तर यादी कारकुनाच्या मनासारखी लागते. हातात ताट धरून त्याने हे सगळं मला इतक्या सुंदर समजावलं की मागचे दोघंतिघं पुढे सरकायचं विसरले. प्रश्न विचारले, त्याने उत्तरं दिली. हा टॉक दे, असं म्हटल्यावर तो म्हणाला, 'सर, इंग्लिशमध्ये अर्धा तास नाही जमणार.'

त्या दिवशी मंचावरून झालेल्या कित्येक टॉकपेक्षा तो टॉक सरस होता. आणि तो इथलाच होता. स्ट्रिंगमधल्या युनिकोडवर जगभर चांगले टॉक झालेले आहेत. पण पायथनला 'ज्ञानेश्वर' या शब्दाची लांबी विचारली तर उत्तर 10 येतं, आपल्या डोळ्यांना अक्षरं चारच दिसतात, आणि यूटीएफ-8 या साठवणीच्या पद्धतीत ठेवलं तर 30 बाइट लागतात. हा शब्द साध्या पद्धतीने उलटा केला तर 'ने' वरची मात्रा 'श' वर जाऊन बसते आणि 'ज्ञा' चा काना 'न' ला लागतो. इंग्रजी एसएमएसमध्ये 160 अक्षरं मावतात तिथे देवनागरीत 70 च मावतात. या अडचणींशी रोज झुंजणारे लोक ग्रामपंचायतीत, सहकारी बँकेत, शाळेच्या ऑफिसात, मराठी प्रकाशकांकडे बसलेले आहेत. त्यांनी बोलायचं तर ऐकणाऱ्यांनाही काना, मात्रा, जोडाक्षर म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागू नये. हा विषय पुण्यात इंग्रजीतून मांडायचा म्हणजे पहिली दहा मिनिटं वर्णमाला समजावण्यात जाणार.

मराठीत तांत्रिक बोलता येत नाही, हा आक्षेप ऐकून ऐकून कंटाळा आला आहे. हिंजवडीतल्या कुठल्याही टीममध्ये दोन मराठी माणसं एका स्क्रीनपुढे बसली की काय बोलतात? 'अरे, लूपच्या बाहेर कनेक्शन उघड, आत उघडलंस म्हणून दरवेळी टाइमआउट होतंय.' वाक्य मराठी, क्रियापदं मराठी, आणि कनेक्शन ते कनेक्शनच. याच मराठीत टॉक द्यायचा आहे. शब्दकोश घेऊन बसायची कुणावर सक्ती नाही. आयआयटी मुंबईत प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने हे करून दाखवलं आहे. साधारण दहा मिनिटांचा एकेक धडा. स्क्रीनवरचा कोड आणि मेनू इंग्रजीतच राहतात, समजावणारा आवाज मराठीत. असे धडे कितीतरी सॉफ्टवेअरसाठी तयार झाले. त्याच पवईच्या आवारात पायथनच्या वैज्ञानिक वापरावरची सायपाय इंडिया ही परिषदही अनेकदा भरली. शिकवणं मराठीत होऊ शकतं, तर त्याच विषयावरची परिषद मराठीला इतकी परकी का राहावी?

बाहेर तर हे केव्हापासून चाललं आहे. रुबी ही प्रोग्रॅमिंगची भाषा जपानात युकिहिरो मात्सुमोतो यांनी तयार केली, 1995 मध्ये ती बाहेर आली, आणि सुरुवातीची काही वर्षं तिच्यावरची चर्चा मुख्यतः जपानीतच होती. 2006 पासून भरणाऱ्या रुबीकाइगी परिषदेत आजही भरपूर टॉक जपानीत होतात. परदेशी श्रोत्यांसाठी दुभाष्यांची सोय असते. वक्त्याने आपली भाषा सोडायची नाही, ऐकणाऱ्याची सोय आयोजकांनी करायची. जगभर पोचलेल्या भाषेची परिषद हे करू शकते. ब्राझीलची पायथन परिषद पोर्तुगीजमध्ये चालते. आणि खुद्द अमेरिकेतल्या पायकॉनने 2018 मध्ये क्लीव्हलंडला चार्लास नावाचं स्पॅनिश टॉकचं सत्र सुरू केलं. तिथे येणाऱ्या बहुतेक स्पॅनिश भाषकांना इंग्रजी येत असणार. तरी आयोजकांना ते गरजेचं वाटलं, कारण आपल्या भाषेत बोलणारा जास्त मोकळा बोलतो आणि ऐकणारा जास्त मोकळेपणाने प्रश्न विचारतो.

आपल्याकडे अशा परिषदांना तोटा नव्हता. पायकॉन इंडिया पुण्यात झाली, 2017 मध्ये पायकॉन पुणे झाली, रुबीकॉन्फ इंडिया दोन वर्षं पुण्यात भरून पुढे गोव्यात गेली. मंचावरचा कारभार सगळीकडे इंग्रजीत. आयोजकांमध्ये मराठी माणसं होती, कोकणी माणसं होती. चहाच्या टेबलावर मराठी, माइकवर इंग्रजी.

पुण्यातल्या श्रोत्यांत निम्मे तरी बाहेरच्या राज्यांतले असतात, त्यांनी काय करायचं, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच माझी मागणी सगळी परिषद मराठीत करा अशी नाही. तीन-चार सभागृहांत एकाच वेळी टॉक चालू असतात. त्यांतलं एक सभागृह एक दिवस मराठीला द्या. ज्याला नको तो शेजारच्या खोलीत जाईल, तसंही एका वेळी एकाच खोलीत बसता येतं. व्हिडिओला इंग्रजी सबटायटल लावली तर बेळगावपासून न्यू जर्सीपर्यंतचे मराठी आणि अमराठी दोघंही बघू शकतात. मुंबई-पुण्यापुरतं हे ठेवायचीही गरज नाही. सांगलीत वालचंद कॉलेजच्या मुलांचा लिनक्स गट कित्येक वर्षं काम करतो आहे, नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, नांदेड इथे अभियांत्रिकी कॉलेजं आहेत. तिथे एका दिवसाचा मराठी मेळावा करायला कीनोटचा पाहुणा लागत नाही. एक प्रोजेक्टर, एक माइक आणि बोलू इच्छिणारी आठ माणसं पुरतात.

नोकरीत शेवटी इंग्रजीच लागते, मग मुलांना मराठीची सवय लावून त्यांचं नुकसान का करायचं, असंही विचारलं जातं. विचारणारे बहुतेक आईबाप आणि प्राध्यापक असतात, त्यामागे काळजी असते, म्हणून नीट उत्तर देतो. इंग्रजी शिकलीच पाहिजे, यात वाद नाही. सोर्स कोड इंग्रजी, एरर मेसेज इंग्रजी, बग रिपोर्ट इंग्रजी. पण मंचावर पहिल्यांदा उभं राहताना माणसाला एकाच वेळी दोन भीती वाटतात: विषय चुकेल याची आणि भाषा चुकेल याची. दुसरी भीती इतकी मोठी असते की तिच्यापायी विषयाची तयारीच होत नाही. स्लाइडवरची वाक्यं पाठ केली जातात आणि कुणी प्रश्न विचारला की घसा कोरडा पडतो. पहिला टॉक आपल्या भाषेत झाला की विषयावरची पकड स्वतःलाच दिसते. तोच टॉक पुढे इंग्रजीत न्यायला मग फक्त भाषेची तयारी करावी लागते. 2021-22 पासून एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला वाट मोकळी केली, आणि पिंपरी-चिंचवडच्या एका कॉलेजात संगणक अभियांत्रिकी मराठीतून सुरूही झाली. ही मुलं चार वर्षं मराठीतून कॉम्प्युटर शिकून बाहेर पडणार, आणि त्यांच्याच शहरातल्या परिषदेत त्यांना मराठीत बोलायला जागा नसणार, हे मला पटत नाही.

दर्जा घसरेल ही भीती मात्र मी उडवून लावणार नाही. नवख्याचा टॉक फसू शकतो. वेळेत संपत नाही, डेमो चालत नाही, स्लाइडवर कोड इतका बारीक असतो की तिसऱ्या रांगेपलीकडे कुणाला वाचता येत नाही. यावर उपाय आधीपासून माहीत आहेत, फक्त ते करायला माणसं हवीत. निवड झालेल्या प्रत्येक नवख्या वक्त्याला एक अनुभवी वक्ता जोडून द्यायचा. महिनाभर आधी त्याने मसुदा ऐकायचा, पंधरा दिवस आधी मीटअपमध्ये तोच टॉक वीस लोकांपुढे करून घ्यायचा, आदल्या दिवशी खऱ्या सभागृहात खऱ्या प्रोजेक्टरवर स्लाइड लावून बघायच्या. पुण्यात पायथनचे इतके जुनेजाणते लोक आहेत की असे पंधरा-वीस जण मिळायला अडचण येऊ नये. ज्यांनी पाच-सहा वेळा टॉक दिलेले आहेत त्यांनी एक वर्ष स्वतः प्रस्ताव न पाठवता दुसऱ्याचा टॉक घडवावा, अशी मी त्यांना उघडच विनंती करतो. त्यांचं नाव वेळापत्रकात त्या टॉकखाली छापावं. ते काम टॉक देण्याइतकंच मोठं आहे.

यातलं पहिलं पाऊल पुढच्या हंगामातही टाकता येईल, कारण त्याला पैसे लागत नाहीत. प्रस्तावाच्या फॉर्मवर दोन रकाने वाढवायचे: हा तुमचा पहिला टॉक आहे का, आणि टॉक कोणत्या भाषेत देणार. एकूण जागांपैकी किमान एक तृतीयांश जागा पहिल्या रकान्यात 'हो' लिहिणाऱ्यांसाठी राखून ठेवायच्या. मराठी प्रस्ताव वाचायला मराठी येणारे परीक्षक नेमायचे, आणि तो प्रस्ताव मराठीतच लिहिलेला चालेल हे घोषणेत मराठीतून छापायचं. मग ती घोषणा नुसती लावून थांबायचं नाही. इचलकरंजी, लातूर, रत्नागिरी, मडगाव इथल्या कॉलेजांत आणि छोट्या सॉफ्टवेअर दुकानांत फोन करून एकेकाला विचारायचं की तुम्ही काय बनवलं आहे, आणि ते येऊन सांगाल का.